सोवळ्यातले नमस्कार

माझी प्रेमलामावशी तुळजापूरच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. तिच्याबद्दल त्या गावात दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे तिनं शिकवलेले पाढे मरेपर्यंत विसरत नाहीत. दुसरी म्हणजे तिनं एकदा वर्षभर देवाला फसवलं. पहिली खरी आहे. दुसरी साफ खोटी आहे, आणि ती ऐकली की माझं डोकं फिरतं. कुणी कुणाला फसवलं हे मला पुरतं ठाऊक आहे. मावशीचे पती, म्हणजे माझे काका, आता नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून मी वाईट बोलणार नाही, घडलं तेवढं सांगेन. त्यातून जे दिसेल ते दिसेल.

मावशी मूळची सोलापूरची. आमचे आजोबा शाळामास्तर आणि सूर्यनमस्कारांचे वेडे. मुलगा-मुलगी असा भेद न करता घरातल्या सगळ्या पोरांना ते उजाडायच्या आत अंगणात रांगेनं उभं करायचे आणि स्वतः मंत्र म्हणत नमस्कार घालून घ्यायचे. शेजारचे लोक भिंतीवरून डोकावायचे, बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. आजोबा म्हणायचे, "बघू देत. आपण काय कुणाची चोरी करतोय?" माझी आई रोज कुरकुरायची, पण मावशीला ते मनापासून आवडायचं. अंग हलकं झालं की दिवस हलका जातो, असं ती म्हणायची. लग्न होईपर्यंत तिचा एक दिवस चुकला नाही.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा तिचं लग्न तुळजापूरच्या उपाध्यांच्या घरात झालं. देवीला येणारे यजमान उतरवून घ्यायचे, त्यांची पूजा-अभिषेक करून द्यायचे, ही त्या घराची पिढीजात वृत्ती. ती सांभाळायचे चुलतसासरे विष्णुपंत. मावशीचे पती वसंतराव, म्हणजे माझे काका, तहसील कचेरीत कारकून होते. उर्दूत शिकलेला माणूस, पण राज्य बदलल्यावर महिन्याभरात मराठी टिपणं लिहायला लागला आणि दोन्ही राज्यांत कुणाचाही रोष न घेता टिकला. कुणाला दुखवायचं नाही, हा त्यांचा बाणा. गावात त्यांना देवमाणूस म्हणायचे. बोलायला गोड, हसायला मोकळे. मावशीचा त्यांच्यावर फार जीव होता, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

घर देवळाच्या खालच्या अंगाला, उताराच्या बोळात. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि टीचभर देवघर. ओसरीवर बाराही महिने कुणी ना कुणी यजमान पथारी टाकून. घरात कारभार सासूचा, लक्ष्मीबाईंचा. त्या भागात सासूला आत्याबाई म्हणतात, मावशीही तेच म्हणायची. आत्याबाईंचं सोवळं कडक. त्या काही दुष्ट नव्हत्या, पण घरातली सून पहाटेपासून रात्रीपर्यंत आपल्या नजरेत असावी, असं त्यांना वाटायचं आणि ती असायचीच.

मावशीचा दिवस कसा जायचा बघा. उठल्याबरोबर आडाचं पाणी. मग आत्याबाईंच्या आंघोळीसाठी बंब पेटवायचा, पोरांचं दूध, यजमानांच्या चहाचं आधण, सगळ्यांचा स्वयंपाक. तो उरकला की पदर खोचलेली ती तशीच शाळेत पळायची. शाळेत दिवसभर उभं राहायचं, कारण मास्तरीण बसून शिकवते म्हणून पालक तक्रार करायचे. संध्याकाळी आली की पुन्हा चूल. यात नमस्कार कुठं घालायचे? आणि कुठल्या जागी? ओसरीवर परकी माणसं, माजघरात आत्याबाई. घरंदाज सुनेनं हातपाय पसरून जमिनीवर दंड काढायचे म्हणजे त्या गावात बोलायची सोय राहिली नसती. मावशीनं आपलं वेड गुंडाळून ठेवलं.

धाकट्याच्या बाळंतपणानंतर तिची कंबर गेली. रात्री कुशीवर वळता येईना. एकदा वर्गात खाली पडलेला खडू उचलायला वाकली ती तशीच राहिली. पोरींनी दोन्हीकडून धरून तिला उभी केली. त्याच आठवड्यात शाळा तपासायला साहेब आले होते. ते जाताना म्हणाले, बाईंना झेपत नसेल तर त्यांनी घरीच बसावं, नोकरीसाठी पुष्कळजणी रांगेत आहेत. मावशी त्या दिवशी पहिल्यांदा घाबरली. शाळा म्हणजे तिला त्या घराबाहेरचं एकमेव दार होतं.

काकांनी तिला सोलापूरला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. बाईंनी तपासलं आणि विचारलं, "लग्नाआधी काही व्यायाम करत होतीस का?"

"नमस्कार घालायची."

"मग सोडलेस कशाला? औषध कशाला मागतेस? तेच कर. हळूहळू सुरू कर, रोज कर. नाहीतर तिशी उलटायच्या आत काठी घेशील."

परतताना एसटी घाट चढत होती. मावशी खिडकीशी बसून म्हणाली, "त्या घरात नमस्कार घालायचे कुठं?" काका म्हणाले, "एवढं काय त्यात? देवघर आहे की."

"देवघराचं काय?"

"आईचे गुडघे धरलेत, पूजा करताना तिला त्रास होतो. मी सांगतो, उद्यापासून पूजा सूनबाई करेल. तू आंघोळ करून सोवळ्यात आत गेलीस की आतून कडी घालायची. सोवळ्यातल्या बाईला हाक मारायची कुणाची छाती आहे? दहा मिनिटांत पूजा उरक, आणि मग तुझे नमस्कार. मंत्र तर आहेतच त्याला, मोठ्यानं म्हण. बाहेर ऐकणाऱ्याला वाटेल, पूजा लांबली."

मावशीला हसू फुटलं. मग ती म्हणाली, "आणि आत्याबाईंना कळलं तर?"

"मी आहे ना," काका म्हणाले.

मावशी मला सांगायची, त्या वेळी त्यांनी बसमध्ये, चार माणसांसमोर, तिच्या हातावर हात ठेवला होता. त्या काळात ती केवढी मोठी गोष्ट!

असं ते सुरू झालं. पहाटे आंघोळ, धूतवस्त्र, देवघर, कडी. मावशी पूजेत कसूर करत नसे. देवांना आंघोळ, गंध, फूल, नैवेद्य सगळं नीट. मग पाट भिंतीला टेकवून ठेवायची, कासोटा घट्ट खोचायची आणि ॐ मित्राय नमः, ॐ रवये नमः सुरू. जागा एवढीच की पाय मागं टाकला की अंगठा दाराला लागायचा. बाहेर काका चहाचा पेला घेऊन दाराशी पहाऱ्यावर. पोरं आली की त्यांना हाकलायचे, आत्याबाई उठल्या की खाकरायचे. खाकरणं ऐकलं की मावशी पाट आडवा करून त्यावर बसायची आणि घंटी वाजवायची. दार उघडलं की दोघं एकमेकांकडं बघायची नाहीत, बघितलं तर हसू आवरायचं नाही. मावशीची कंबर तीन महिन्यांत मोकळी झाली. ती पुन्हा पळायला लागली, चिडेनाशी झाली. ती म्हणायची, संसारातलं माझं सगळ्यात सुखाचं वर्ष ते. त्या घरात आमच्या दोघांचं असं काही नव्हतं, ते एक होतं.

आत्याबाईंचे कान मात्र शाबूत होते. एके दिवशी त्यांनी मुलाला विचारलं, "वसंता, पूजा एवढा वेळ कशी चालते? आणि ते धपधप काय वाजायलंय?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. आत्याबाई दोन दिवस फणफणल्या असत्या आणि गप्प बसल्या असत्या. पण काकांना कुणाला दुखवायचं नव्हतं. ते म्हणाले, "सूर्याचं अनुष्ठान करतेय ती. साष्टांग नमस्काराचं. घराच्या बऱ्यासाठी."

हे वाक्य काकांचं आहे. मावशीचं नाही. गावानं ते मावशीच्या नावावर लावलं, म्हणून ठासून सांगते.

आत्याबाईंना आभाळ ठेंगणं झालं. सोलापूरची, शाळेत नोकरी करणारी सून, म्हणून त्यांनी आजवर देवळात चार बायकांची बोलणी ऐकली होती. आता त्यांनी सव्याज परतफेड केली. काकडआरतीला जाऊन सांगून आल्या. ओसरीवरच्या यजमानांना सांगू लागल्या, "बोलू नका, आत अनुष्ठान चाललंय." बघता बघता बायका दार उघडायची वाट बघत बसायला लागल्या. मावशी घामाघूम होऊन बाहेर आली की म्हणायच्या, बघा केवढं तेज! कुणी पाया पडायला वाकायच्या, कुणी ओटी भरायच्या. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ती काकांना म्हणाली, "हे आता थांबवा. आत्याबाईंना खरं काय ते सांगा. मी सांगू का?"

"तू नको बोलूस. मी सांगतो की. जरा वेळ बघून सांगतो."

वेळ बघण्यात काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. ते बघतच राहिले.

आता अनुष्ठान म्हटलं की त्याचं उद्यापन आलं. मांडलेलं व्रत विधिपूर्वक संपवल्याशिवाय फळ नाही, हे उपाध्यांच्या घरात कुणाला सांगायला नको. वर्ष होत आलं तशी आत्याबाईंनी ठरवलं, सूर्याचं अनुष्ठान आहे तर रथसप्तमीला उद्यापन करायचं. विष्णुपंतांनी विधी सांगायचा, ब्राह्मण-सवाष्णी जेवायला घालायच्या, जोडप्यानं संकल्प सोडायचा. मावशीनं काकांना पुन्हा गाठलं. ती म्हणाली, "उद्यापन झालं की मी कुठल्या तोंडानं कडी घालू? माझे नमस्कार बंद होतील." काका म्हणाले, "काही नाही, एक दिवस पाटावर बसायचं. नंतर दुसरं अनुष्ठान काढू." त्यांना खरंच वाटत होतं की हा तोडगा आहे.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी शिवम्मा आली. नळदुर्गच्या पलीकडची, कानडी मुलखाला लागून असलेल्या गावची जुनी यजमानीण. बरोबर सून आणि सुनेच्या कडेवर नातू. पोर तापानं फणफणलेलं, मान टाकलेली. मावशीनं त्याच्या कपाळाला हात लावला आणि विचारलं, "डॉक्टरला दाखवलं का याला?"

"सोलापूरला न्यायचं म्हणत हुते घरातले," शिवम्मा म्हणाली. "पर म्या म्हनलं, कशाला? तुमच्या अनुष्ठानाचं लई ऐकलंय, बाई. उद्या पानी सोडताना याच्या नावानं सोडा. त्येच पानी पाजते आन घिऊन जाते माघारी. डाक्टरची गरज न्हाय मग."

मावशी रात्रभर जागी होती, हे मला तिनं सांगितलं. शेजारी काका झोपले होते. तिनं त्यांना उठवलं नाही, कारण ते काय म्हणतील ते तिला ठाऊक होतं.

सकाळी अंगणात रांगोळी, गोवऱ्यांच्या विस्तवावर दुधाचं बोळकं, पूर्वेला तोंड करून दोन पाट. आत्याबाई नवं लुगडं नेसून सगळ्यांत पुढं. बोळातल्या बायका, यजमान, शिवम्मा आणि तिची सून. विष्णुपंतांनी काकांच्या तळहातावर पळीनं पाणी घातलं, अक्षता ठेवल्या. मग मावशीला म्हणाले, "सूनबाई, त्याच्या हाताला हात लाव." संकल्प नवऱ्यानं सोडायचा आणि बायकोनं त्याच्या हाताला हात लावायचा, म्हणजे तो दोघांचा होतो. मावशीनं काकांच्या दंडाला हात लावला.

"अनुष्ठान कशासाठी मांडलं होतं? ते उच्चारावं लागतं."

शिवम्मा मागून विष्णुपंतांना कानडी वळणानं म्हणाली, "माझ्या नातवाच्या नावानं सोडा, अय्या!"

मावशी म्हणाली, "मामंजी, हे अनुष्ठान नाही."

विष्णुपंतांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मावशीनं पुन्हा सांगितलं, स्वच्छ, वर्गात सांगते तसं. "माझी कंबर गेली होती. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी व्यायाम सांगितला. पूजा झाल्यावर मी आत नमस्कार घालते, तब्येतीसाठी. त्यात पुण्य नाही. शिवम्मा, या पाण्यानं तुमचं पोर बरं होणार नाही. आत्ताच्या मोटारीनं त्याला सोलापूरला घेऊन जा."

आत्याबाईंचा चेहरा बघवेना. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे वर्षभर तू आम्हाला फसवायलीस?"

मावशी म्हणाली, "फसवायचं माझ्या मनात नव्हतं, आत्याबाई. ह्यांना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक आहे. ह्यांनीच जागा सुचवली. विचारा ह्यांना."

सगळे काकांकडं वळले. मावशी मला म्हणाली, तेव्हासुद्धा मला भीती वाटली नाही. मला वाटलं, आता हे बोलतील, आत्याबाई दोघांना मिळून बोलतील, आणि दोघांनी मिळून ऐकायचं म्हणजे काय अवघड आहे!

काका आईकडं बघत राहिले. चुलत्यांकडं बघितलं. मग म्हणाले, "मला काय ठाऊक? मी कचेरीचा माणूस. बंद दाराआड बायका काय करतात, ते मला काय ठाऊक? मला अनुष्ठान म्हणून सांगितलं, मी खरं धरलं."

आणि त्यांनी दंड आखडून घेतला. मावशीचा हात खाली पडला. तळहातावरचं पाणी मात्र त्यांनी सांडू दिलं नाही.

कुणाचं लक्ष नव्हतं म्हणून दूध उतू जाऊन विस्तवावर करपलं. तो वास मावशीच्या डोक्यात बसला. पुढं कधीही घरात दूध उतू गेलं की ती उठून बाहेर जायची.

शिवम्मा पोराला घेऊन तडक मोटारतळावर गेली. पोर सोलापूरच्या दवाखान्यात राहून बरं झालं, असं नंतर कळलं. पण ती पुन्हा या घरी उतरली नाही. दुसऱ्या उपाध्यांकडं जायला लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी.

आत्याबाईंनी त्याच दिवशी सुताराला बोलावून देवघराचं दार बिजागऱ्यांसकट काढून घेतलं. पूजा पुन्हा स्वतःकडं घेतली. गुडघे दुखायचे तर भिंत धरून बसायच्या, पण सुनेला देवाला हात लावू दिला नाही. मला मात्र म्हातारीचा फारसा राग येत नाही. ज्या सुनेची ती गावभर आरती करत फिरली, तिच्यामुळं तिला गावात मान खाली घालावी लागली. मावशीही म्हणायची, आत्याबाईंचा राग मला कळतो, त्यांना वाटलं आपल्याला फसवलं. माझ्याबाबतीत वाटण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या रात्री काका तिच्याशी काय बोलले माहीत आहे? म्हणाले, "तुला बोलायची काय गरज होती? गप्प बसली असतीस तर निभावून गेलं असतं. मी आईपुढं काय बोलणार? चार लोकांत तिची शोभा झाली असती." मावशीनं विचारलं, "आणि माझी?" ते कूस बदलून म्हणाले, "तुझं काय, तू शिकलेली आहेस, तुला समज आहे." सकाळी नेहमीसारखे हसून चहा मागायला आले. त्यांच्या दृष्टीनं विषय मिटला होता.

कंबर पुन्हा धरली. दीड-दोन महिन्यांत मावशी टेबलाला टेकून शिकवायला लागली. शाळेच्या थोरल्या बाई लीलाबाई सरळ स्वभावाच्या होत्या. त्यांच्या कानावर सगळं आलं होतं. मावशी त्यांना म्हणाली, "मला कवायतीचा तास द्या." कवायतीचा तास कुणालाच नको असायचा, उन्हात उभं राहायचं, धूळ खायची. लीलाबाई म्हणाल्या, "रोजचा घेशील? शाळा भरायच्या आधी?" मावशी हो म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती लवकर शाळेत जायला लागली. पोरींना मैदानात रांगेनं उभं करायची, पुढं स्वतः उभी राहायची आणि आमच्या आजोबांसारखे मंत्र म्हणत नमस्कार घालायची. उघड्यावर, रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. घरी तिला कुणी काही बोलू शकलं नाही, कारण ते सरकारी काम होतं. स्वयंपाक तेवढा अर्धा तास आधी उरकावा लागायचा, म्हणून ती अर्धा तास आधी उठायची. मदत तिनं कुणाकडं मागितली नाही. काकांकडं तर मुळीच नाही. नवऱ्याशी ती चांगलं वागायची, वेळेला चहा, वेळेला जेवण, आजारपणात उशापायथ्याशी. पण त्यानंतर तिनं त्यांना स्वतःचं म्हणून काही सांगितलं नाही. भावाचं आजारपण, शाळेतली बढती, सगळं त्यांना बाहेरून कळायचं. ते म्हणायचे, "अगं, मला बोलली नाहीस?" ती म्हणायची, "राहून गेलं."

मला हे सगळं माहीत झालं ते बऱ्याच वर्षांनी. महाराष्ट्र होऊन गेला होता, उस्मानाबादेला मला नोकरी लागली आणि मी मावशीकडं राहून एसटीनं जा-ये करायला लागले. दिवसभर खुर्चीत बसून माझी मान आखडायची. एकदा तक्रार केली तशी मावशी म्हणाली, "उद्यापासून माझ्याबरोबर मैदानात चल." मी म्हटलं, इतक्या पहाटे कशाला, घरीच कुठंतरी घालू नमस्कार. तेव्हा तांदूळ निवडता निवडता तिनं हे सांगितलं. देवघराला अजूनही दार नव्हतं. मी रोज ती उघडी चौकट बघत होते आणि मला कधी प्रश्न पडला नव्हता.

त्याच वर्षी काकांना मधुमेह निघाला. पोट सुटलं होतं, जिना चढताना धाप लागायची. सोलापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. रोज व्यायाम पाहिजे. कचेरी आहे म्हणून वेळ नाही, ही सबब मला सांगू नका." परतीच्या एसटीत मी मागच्या बाकावर होते. काका मावशीला म्हणाले, "तुझे ते नमस्कार मला शिकवशील का?"

"शिकवीन."

"माजघरात घालू. मागचं दार लावून. कचेरीतल्या लोकांनी बघितलं तर हसतील."

"अंगणात," मावशी म्हणाली. बाकी वाटभर ती खिडकीबाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका धोतराचा काचा मारून अंगणात उभे राहिले. ओसरीवर आत्याबाई उन्हाला बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, डोळ्यांनी अधू, पण अजून सगळं घर नजरेत धरून बसलेल्या. आम्ही दोघी निघायच्या तयारीत. मावशीनं काकांना पहिल्या दोन स्थिती दाखवल्या, गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकवायला सांगितलं. काका वाकले आणि अडकले. हात जमिनीपासून वीतभर वर, तोंड लाल, श्वास वर चढलेला. आत्याबाईंनी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला.

"सूनबाई, वसंता हे काय करायलाय?"

काकांनी तसंच वाकल्या वाकल्या मान वळवून मावशीकडं बघितलं. सांग गं काहीतरी, असं ते बघणं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं केविलवाणं कधी बघितलं नव्हतं.

मावशीनं खुंटीवरची पिशवी काढली, चपला पायात सरकवल्या.

"मला काय ठाऊक?" ती म्हणाली आणि दाराबाहेर पडली.

मला हसू आवरेना. बोळाच्या चढावर मी तिला गाठलं आणि म्हटलं, "मावशी, बरी जिरवलीस! आता फिटंफाट झाली."

ती हसली नाही. पदरानं तोंड पुसत चालत राहिली. मग म्हणाली, "कसली फिटंफाट? मी काय, लांबून बोलले. ते म्हणाले तेव्हा माझा हात त्यांच्या हातावर होता."

पुढं शाळेचं मैदान आलं. पोरी रांगेत उभ्या राहून तिची वाट बघत होत्या.